आरती प्रभू आणि खानोलकर खरंच एकच माणूस?? आणि कुठून सुरू करू

वाचनखूळ

आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आज वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला शोध लागलाय की आरती प्रभू या बाई नव्हत्या. इतकी वर्षं ये रे घना ऐकतेय, समईच्या शुभ्र कळ्या तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हटलंय (बेसूर), आणि डोक्यात पक्कं चित्र की कुणीतरी कॉटनच्या साडीतल्या शांतशा बाई असणार, संध्याकाळी खिडकीशी बसून वहीत लिहिणाऱ्या. त्यात गायलंय आशाबाईंनी, मग तर प्रश्नच मिटला.

परवा लायब्ररीत सहज कोंडुरा ही कादंबरी उचलली, आत लेखकाची माहिती वाचली तर चिं. त्र्यं. खानोलकर हेच आरती प्रभू या नावाने कविता करत असं लिहिलेलं. मी रॅकसमोरच दोन मिनिटं उभी. घरी येऊन तीसेक पानं वाचली आणि अजूनच गोंधळले, कारण समई, घन, कळ्या लिहिणारा माणूस आणि हे असं गच्च, घाबरवणारं, ओल्या भिंतीचा वास येणारं काहीतरी लिहिणारा माणूस एकच कसा? मला तर कुणी दोघं वाटतात.

तर विचारायचं हे की एक, हे गृहस्थ होते कोण, कुठले, काय करायचे, नेटवर तीच तीच चार वाक्यं फिरतायत. दोन, नाव बाईचं का घेतलं? तीन, कोंडुरा पुढे रेटू की आधी दुसरं काहीतरी वाचू? कविता मी गाण्यातूनच ऐकल्यात, पुस्तक एकही हातात घेतलेलं नाही हे कबूल करते.

माडाखाली

हसलो नाही. आमच्या कॉलेजात मराठीच्या वर्गात निम्म्या मुलांना असंच वाटायचं. आरती हे बाईचं नाव आणि प्रभू हे आमच्याकडचं चांगलं चालतंबोलतं आडनाव, त्यामुळे आरती प्रभू म्हणजे कुणीतरी वेंगुर्ल्याची मास्तरीण वाटावी असंच ते नाव आहे. पण तेच नाव फोडून वाचा, देवाची आरती आणि प्रभू. ज्याच्या पहिल्याच संग्रहाचं नाव जोगवा आहे त्याने असं नाव घेतलं यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

माणूस आमच्या बाजूचा. जन्म ८ मार्च १९३०, वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीत, बागलांची राई म्हणून वाडी आहे तिथला. कुडाळला त्यांची खानावळ होती. हो, खानावळ, जेवणावळीची. मराठीतला एवढा मोठा कवी गिऱ्हाइकांच्या ताटांचा हिशोब सांभाळत होता आणि तो धंदा काही त्याला नीट जमला नाही. गावात खानावळवाला आणि सत्यकथेत कवी, हे दोन्ही एकाच अंगावर वागवायचं म्हणजे काय ते छोट्या गावात राहिलेल्यालाच कळेल. सत्यकथेत छापून येणं ही त्या काळी काय चीज होती हे आता सांगून कळणार नाही, ते मासिक १९८२ मध्ये बंदही पडलं, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या चाळणीतून कविता पार होणं म्हणजे पावती होती. १९५४ साली शून्य शृंगारते ही त्यांची कविता तिथे आली आणि हा आरती प्रभू कोण, अशी विचारणा सुरू झाली. म्हणजे तुम्ही आज विचारताय तेच लोक सत्तर वर्षांपूर्वी विचारत होते, वाईट वाटून घेऊ नका.

मग १९५९ मध्ये जोगवा आला, त्याच सुमाराला कुडाळ सोडून मुंबईला आले, आकाशवाणीवर काही काळ नोकरी केली. पैशाची ओढाताण शेवटपर्यंत. २६ एप्रिल १९७६ ला गेले, वय फक्त ४६. म्हणजे पहिल्या पुस्तकापासून शेवटापर्यंत मोजून सतरा वर्षं, आणि त्यात तीन कवितासंग्रह, रात्र काळी घागर काळी, अजगर, कोंडुरा, त्रिशंकू, गणुराय आणि चानी आणि आणखी कादंबऱ्या, सनई आणि राखी पाखरू सारखे कथासंग्रह, वर नाटकं. मला तर कधी कधी वाटतं की झोपायचा कधी हा माणूस.

तबकडी७८

वरच्या माहितीत भर घालत नाही, पण मूळ प्रश्नातल्या एका गृहीतकावर माझा आक्षेप आहे. समई आणि घन लिहिणारा माणूस मऊ होता हे कुणी ठरवलं? ते हृदयनाथांच्या चालीने आणि आशाबाईंच्या आवाजाने ठरवलं. गाणं बंद करा आणि ये रे घना नुसती कागदावर वाचा. पहिली ओळ विनवणीची, इथवर ठीक, पण पुढे काय चाललंय? नाजूक फुलं आहेत, वारा ती चुरगळायला टपलाय, नको नको म्हणतानाच गंध हातातून निसटून रानात गेलाय. ही पावसाळी सहलीची कविता नाही हो, जे जपून ठेवायचं होतं ते जगजाहीर झाल्यावर माणूस जसा कासावीस होतो ती कासाविशी आहे ती. आता यात खानावळीच्या गल्ल्यामागे बसलेला एक लाजाळू कवी बसवून बघा. बसतोय की नाही?

किंवा सामना आठवतो का, १९७५ चा, तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांचा? त्यातलं कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे हे यांचंच. भास्कर चंदावरकरांची चाल आणि रवींद्र साठ्यांचा आवाज, त्यांनी त्या शब्दांवर साखर पेरली नाही म्हणून त्यात खानोलकर चटकन ओळखू येतो. समई मध्येही तो आहेच, फक्त चाल इतकी सुंदर आहे की शब्दांकडे लक्ष जात नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, वीस वर्षं मी तू तेव्हा तशी गुणगुणतोय (निवडुंग मधलं, १९८९, म्हणजे कवी जाऊन तेरा वर्षं झाल्यावरचा सिनेमा), आणि एकदा कविता म्हणून वाचायला बसलो तर दुसऱ्या कडव्यालाच थांबलो, कळेना की आपण आजवर काय गुणगुणत होतो.

त्यामुळे दोन माणसं वगैरे काही नाही. एकच आहे, तुम्ही त्याला आधी पेटीवर ऐकलंत एवढंच.

वाचनखूळ

@तबकडी७८ आत्ता गाणं बंद करून वाचली. बापरे. मुलीला झोपवताना म्हणायचे मी हे.

@माडाखाली खानावळीचं माहीतच नव्हतं, थँक्यू. पण मग कोंडुरा मधलं ते सगळं, साक्षात्कार वगैरे, ते कुठून आलं? वाचताना मला सारखं मार्केझ, तो कोलंबियाचा कादंबरीकार, आठवत होता. जादुई वास्तववाद म्हणायचं का याला?

कुळागर

जादुई काय घेऊन बसलात. ह्यो आमच्याकडचो रोजचो कारभार आसा. देवाक गाऱ्हाणा घातल्याशिवाय आमच्याकडे कायच सुरू होणा नाय.

बरं शुद्धीत लिहितो, नाहीतर तुमच्यातले निम्मे पळतील. तारखा तरी बघा आधी. कोंडुरा आली १९६६ ला. मार्केझची ती शंभर वर्षांची कादंबरी (वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड) स्पॅनिशमध्ये आली १९६७ ला आणि इंग्रजीत १९७० ला. आमचा माणूस कुणाची नक्कल करायला गेला नव्हता. आणि कोंडुरा हे काही कल्पनेतलं नाव पण नाही, वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रकाठी खरीच जागा आहे, कपारीत लाट घुसली की जो आवाज घुमतो तो एकदा पावसाळ्यात जाऊन ऐका म्हणजे तिथे कुणीतरी बसलंय असं माणसाला का वाटलं असेल ते कळेल. माझी आजी राखणदाराबद्दल (गाव राखणारा देव) ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात शेजारच्या काकांबद्दल बोलायची, वेगळा सूर नव्हता. आजारी पडलं तर डॉक्टर पण आणि देवळात कौल पण, दोन्हीत तिला काही भांडण दिसत नव्हतं. खानोलकर त्या घरातून लिहितो. बाहेरून आलेला माणूस ह्या गोष्टी दाखवताना एकतर टवाळी करतो नाहीतर डोळे मोठे करतो, खानोलकर दोन्ही करत नाही, आणि म्हणून भीती वाटते.

पण एक आहे, तो अंधश्रद्धेचा प्रचार करतो म्हणणारे पण आमच्याकडेच आहेत बरं का, त्यांनी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. परशुरामतात्याला मिळालेल्या शक्तीचं पुढे काय होतं ते बघा आणि मग बोला. (पुढचं सांगत नाही, ताईंची तीसच पानं झालीयत.)

शेवंती_आणि_पेन

सगळे इतकं छान छान लिहितायत म्हणून मी जरा वाकडं लिहिते. मला खानोलकर प्रचंड आवडतात आणि प्रचंड राग पण येतो, आणि राग बायकांवरून येतो.

रात्र काळी घागर काळी मधली लक्ष्मी घ्या. तिचा गुन्हा काय तर सुंदर असणं. चानी घ्या, इंग्रज बापाची पोर, निळे डोळे आणि वेगळे केस घेऊन गावात वाढलेली, तिचाही गुन्हा तोच, वर जात. कोंडुरात पण पुरुषाला साक्षात्कार होतात आणि त्याची किंमत मोजायला बायका. सगळीकडे नियती नियती म्हणायचं, पण ही नियती दार ठोठावताना नेमकी माजघराचंच का ठोठावते? यावर लोक सांगतात की तो समाजच तसा होता, लेखकाने तो दाखवला. मान्य आहे, थोडंफार. चानी मध्ये तो गावाला माफ करत नाही हे खरंच आहे आणि लहान मुलाच्या नजरेतून ती दिसते म्हणून ती शोभेची बाहुली होत नाही. पण लक्ष्मीच्या बाबतीत मला वाटतं की लेखकच त्या सौंदर्याने इतका दिपलाय की ती बाई आतून काय म्हणतेय हे त्यालाही पूर्ण ऐकू येत नाही. हे मी तीनदा वाचून म्हणतेय, एकदा वाचून नाही.

आणि मग हाच माणूस कवितेत बाईच्या आवाजात बोलायला लागला की असा काही बोलतो की मी गप्प होते. नाही कशी म्हणू तुला वाचा, त्यात होकार, नकार, संकोच, खोडकरपणा सगळं एका श्वासात आहे आणि बोलणारी बाई शंभर टक्के जिवंत आहे. त्यामुळे तबकडीभाऊ, तुम्ही म्हणता एकच माणूस, मला अजूनही दोन वाटतात. कादंबरीतल्याला बाई बघून धडकी भरते आणि कवितेतला स्वतःच बाई होऊन बसतो. नाव उगीच आरती घेतलं नसेल.

तबकडी७८

@शेवंती_आणि_पेन तुमच्या शेवटच्या वाक्यापुढे बोलायची सोय ठेवली नाहीत. लक्ष्मीबद्दल मात्र जरा वाद घालेन. नावच बघा ना कादंबरीचं, ते विष्णुदास नामाच्या अभंगातलं आहे, रात्र काळी, घागर काळी, यमुनेचं पाणी काळं, सगळंच काळं आणि शेवटी ज्याच्यासाठी ती निघालीय तो पण काळाच. म्हणजे नावातच सांगून टाकलंय की इथे बाई आणि तिच्याभोवतीचा अंधार वेगळा काढता येणार नाही. ती आतून काय म्हणते ते ऐकू येत नाही ही उणीव की तेच सांगायचंय?

शेवंती_आणि_पेन

उणीव. पण अभंगाचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता आला. पुन्हा वाचते, चौथ्यांदा 😑

तिसरी_घंटा

इतकी चर्चा झाली आणि नाटकांवर कोणी बोललंच नाही म्हणून लिहायला आलो. एक शून्य बाजीराव, १९६६, रंगायन ही नाट्यसंस्था, दिग्दर्शन विजया मेहता. मी प्रयोग बघायला त्या वेळी जन्मलो पण नव्हतो, संहिता वाचलीय आणि कॉलेजात त्यातला एक तुकडा केलाय (केलाय म्हणजे हात पोळून घेतलेत). त्यातली वाक्यं पाठ करायला गेलात की कळतं की हा गद्य लिहीतच नाही, श्वास कुठे घ्यायचा ते वाक्य ठरवतं, नटाने ठरवलं की तोल गेलाच. तो बाजीराव विदूषक पण आहे आणि शोकांतिकेचा नायक पण, आणि दोन्ही एकाच वेळी करायचं असतं, आलटून पालटून नाही. आम्ही आलटून पालटून केलं, परीक्षकांनी चहासुद्धा विचारला नाही.

आणि ज्यांना वाटतं की खानोलकर म्हणजे फक्त कोकण, भुतं आणि नियती, त्यांच्यासाठी: जर्मन नाटककार ब्रेख्तच्या कॉकेशियन चॉक सर्कलचं मराठी रूप अजब न्याय वर्तुळाचा यांनीच केलं, विजयाबाई आणि जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ते बसवलं, लोकनाट्याच्या अंगाने. गिरीश कारनाडांचं हयवदन हे कन्नड नाटक मराठीत आणलं तेही यांनीच. म्हणजे एकीकडे ब्रेख्त, दुसरीकडे कारनाड आणि मधे आपला तेंडोलीचा माणूस, आणि कुठेही परकं वाटत नाही. कवी होता म्हणून जमलं असं माझं मत, नुसत्या नाटककाराने ब्रेख्तची गाणी मराठीत आणताना त्यांचं पार लाकूड केलं असतं.

कोंडुरावर श्याम बेनेगलांचा सिनेमा पण आहे, १९७८, अनंत नाग आणि स्मिता पाटील, हिंदीत कोंडुरा आणि तेलुगूत अनुग्रहम. गोष्ट कोकणातून उचलून आंध्रात नेलीय. आधी पुस्तक संपवा, मग बघा. त्याच्या आदल्या वर्षी व्ही. शांतारामांची चानी, रंजना होती त्यात. दोन्ही बघायला ते स्वतः नव्हते.

माडाखाली

हेच लिहायला परत आलो होतो. नक्षत्रांचे देणे संग्रह आला १९७५ ला. ७६ च्या एप्रिलमध्ये हे गेले. ७७ ला चानी, ७८ ला कोंडुरा, आणि त्याच ७८ ला नक्षत्रांचे देणे ला साहित्य अकादमी. नंतर अल्फा मराठीवर त्या नावाचा कार्यक्रम आला तर लोकांना नाव पाठ झालं, पुस्तक ते पुस्तकच राहिलं.

आता एक माझं खूळ सांगतो, पटलं तर घ्या. पहिल्या संग्रहाचं नाव जोगवा, म्हणजे मागणं, परडी घेऊन दारात उभं राहणं. शेवटच्याचं नाव देणे. आणि देणं या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत, दिलेली वस्तू पण देणं आणि फेडायचं राहिलेलं कर्ज पण देणंच. गेले द्यायचे राहून असं तो म्हणतो तेव्हा मला नेहमी दुसरा अर्थ आधी ऐकू येतो. खानावळ चालवलेल्या माणसाला उधारी-देणी म्हणजे काय ते वेगळं शिकवायला नको. मधल्या संग्रहाचं नाव दिवेलागण, ती वेळ तर आमच्याकडे दोन्हीची, देवाकडे मागायची आणि वाण्याचा माणूस दारात यायची. आमचे सर म्हणाले असते की हे जास्तच ताणलंय. असेल.

कुळागर

ताणला नाय. बरोबर आसा.

पानगळ

मी फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकी तज्ज्ञ मंडळी आहेतच. कोंडुरा सध्या बाजूला ठेवा. आधी गणुराय आणि चानी घ्या, दोन छोट्या कादंबऱ्या एकाच पुस्तकात आहेत, दोन-तीन बैठकांत होतात आणि या माणसाच्या गद्याची सवय होते. मग कोंडुरा. मग रात्र काळी. अजगर सगळ्यात शेवटी आणि मन बरं असेल तेव्हा, माझ्या एका मैत्रिणीने बाळंतपणाच्या सुट्टीत वाचायला घेतली होती आणि मला अजून ऐकवते. कविता मात्र रोज एक, गादीवर नाही, खुर्चीत बसून. नक्षत्रांचे देणे पासून सुरू करा, गाण्यांमुळे ओळखीचे शब्द भेटतात आणि मग ते ओळखीचे नाहीत हे कळतं. जोगवा नंतर, ती जरा आत आत जाणारी आहे. आणि मर्ढेकरांचं विसरू नका, कवी म्हणून डोक्यावर घेतलेला आणि कादंबऱ्या कोणी न वाचलेला दुसरा माणूस आपल्याकडे तोच, पण तो वेगळा धागा होईल.

वाचनखूळ

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, कारण पानगळताई, तुमचं ऐकलं नाही. कोंडुरा बाजूला ठेवायला घेतली आणि सहज म्हणून पुढचं पान उघडलं. काल रात्री दीड वाजता संपली.

कुळागर, तात्याचं पुढे काय होतं ते कळलं. शेवंतीताई, तुमचा राग पण कळला, कारण पुस्तक मिटल्यावर मला तात्याची नाही, त्या दोन बायकांची आठवण येत होती, आणि त्यांच्या तोंडी पुस्तकात किती थोडी वाक्यं आहेत हे मी परत पानं उलटून मोजायला लागले होते. मोजताना झोप लागली.

आज सकाळी मुलगी डबा भरता भरता ये रे घना म्हणत होती, मीच शिकवलेलं. नको नको म्हणताना पर्यंत आली आणि मी तिला उगीचच दुसरं काहीतरी म्हणायला सांगितलं. ती विचारते, का?

गणुराय आणि चानी लायब्ररीत बाहेर गेलीय, नंबर लावून आलेय. तोवर नक्षत्रांचे देणे मिळालं. खुर्चीत बसूनच वाचतेय.